संघटना : त्यांची आणि आपली



मंडळाच्या वर्धापनदिनी मी चार शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. मी काही व्याख्याती नव्हे. परंतु 'कामगारांनी संघटना करावी की करू नये' हा विषय गेले दोन महिने आपल्याकडे जिन्याजिन्यावर निघतो आहे, आणि त्याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बायांनी संघटनेत नाव घातले, आणि महिन्याचे चार खाडे कापू नका, दिवाळीला एक पगार बोनस द्या, अशी मागणी केली. 'यांना कोणीतरी चढवून दिले आहे,' असे पहिल्या दिवशी मीही म्हणाले. तेव्हा आरंभी माझीच चूक पदरात घेते.

मी लालबागच्या चाळीत वाढले. वडील गिरणीत साच्यावर, आई वाइंडिंग खात्यात. संघटना म्हणजे काय ते मी पुस्तकात वाचले नाही, घरात पाहिले. एके काळी गिरणीत दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम असे आणि आठवड्याची सुट्टी नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांना एकत्र केले, सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा १८९० साली रविवारची सुट्टी पदरात पडली. १९२८ साली गिरण्यांचा संप कित्येक महिने चालला. बाळंतपणाच्या रजेचा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ साली झाला. आदल्या वर्षी डॉ. आंबेडकरांनी कायदे कौन्सिलात त्याची बाजू मांडली होती. आपल्या लेकीसुना आज पगारी रजा घेऊन बाळंतपणाला माहेरी येतात, त्यामागे या साऱ्यांची पुण्याई आहे.

ही झाली एक बाजू. दुसरी सांगितली नाही तर मी आईशी प्रतारणा केली असे होईल. १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत जवळजवळ एक बाई होती. पुढे नवी यंत्रे आली, पाळ्या बदलल्या, आणि बायकांची खाती हळूहळू रिकामी झाली. माझी आईही अशीच घरी बसली. वर्गणी तिने पुरुषांइतकीच भरली होती. पण तिच्या खात्यातल्या बायका कमी झाल्या तेव्हा युनियनचे पुढारी म्हणाले, 'घरात एक पगार आहे ना?' मग आईने खानावळ घातली.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांचा विश्वास डॉ. दत्ता सामंतांवर, आणि कायद्याने मान्यता दुसऱ्याच युनियनला. ज्याचे कामगार ऐकत होते त्याच्याशी बोलणी करायला मालक आणि सरकार तयार नव्हते. संप मागे घेतल्याचे शेवटपर्यंत कोणी जाहीर केले नाही. वडिलांना पुन्हा कामावर घेतले नाही, ते गावी गेले. आईच्या खानावळीत जेवणारेही संपकरीच. ते पैसे कोठून देणार? आईने पाटल्या मोडल्या, पण कोणाचे ताट बंद केले नाही.

मी स्वतः कचेरीत तीस वर्षे काढली. कामचुकार माणसाला युनियनने पाठीशी घातलेले पाहिले, आणि आजारी बाईची नोकरी युनियनने वाचविलेलीही पाहिली. दोन्ही खरे आहे.

आता आपल्या घरातले. माझ्याकडे बारा वर्षे येणारी बाई मला म्हणाली, 'ताई, तुम्ही कचेरीत आजारी पडायच्या तेव्हा पगार कापत होते का?' मला उत्तर सुचले नाही. पुण्यात मोलकरणींनी १९८० साली संप केला, तेव्हाही प्रश्न असलेच होते. महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, पण खाड्याचा हिशेब कायद्याच्या पुस्तकात होत नाही, तो आपल्या ओट्याशीच होतो.

कोणी म्हणतील, आज चार खाडे दिले की उद्या सहा मागतील. मागतील, आणि आपण बोलू. आईवडिलांच्या अनुभवातून मी एवढेच शिकले की संघटना असणे वाईट नाही. ज्यांचे पोट तिच्यावर आहे त्यांना तिच्यात न विचारणे वाईट, आणि बोलणीची वाट बंद होणे त्याहून वाईट.

म्हणून माझी सूचना अशी : मंडळाच्या याच खोलीत त्यांच्यातल्या चारजणी आणि आपल्यातल्या चारजणी बसू. पगार, सुट्ट्या, बोनस, सारे कागदावर लिहू. आपणही आपले मागू. न येण्याचा निरोप आदल्या दिवशी द्यावा, काम सोडायचे तर महिनाभर आधी सांगावे. संक्रांतीला त्यांना हळदीकुंकवाला बोलावतो, तशा या बैठकीलाही बोलावू, आणि त्या दिवशी त्यांना सतरंजीवर बसवून आपण खुर्च्यांवर बसणार नाही एवढे पाहू.