शाळेतली प्रार्थना आणि पालकांची संमती
(वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



वर्धापनदिनाला आम्हा नास्तिकांना बोलावणारी समिती धीटच म्हणायची. आम्ही देव मानत नाही, म्हणजे आम्हाला कुणाची घंटाही नको आणि कुणाची वंदनाही नको, असा लोकांचा समज असतो. तसं काही नाही. घरात, देवळात, विहारात ज्यानं त्यानं आपलं करावं. आमची तक्रार शाळेपुरती आणि सत्तेपुरती आहे. शाळा सगळ्यांच्या पैशावर चालते, राज्य सगळ्यांच्या मतांवर चालतं. तिथे एका धर्माला मानाचं पान कशासाठी?

हा विचार काही परदेशातून आणलेला नाही. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत ह. वि. कामत यांनी उद्देशपत्रिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ करावी, अशी दुरुस्ती मांडली. मतं मोजली गेली. बाजूने ४१, विरुद्ध ६८. विरुद्ध मत देणारे सगळे नास्तिक होते असं समजू नका! पट्टम थाणु पिल्लै यांचा मुद्दा साधा होता : देव मानावा की न मानावा हा हक्क आपण माणसाला दिला आहे, मग हे शब्द घालणं ही श्रद्धेची सक्तीच झाली.

त्याआधी, ७ डिसेंबर १९४८ रोजी, सरकारी शाळेत धर्मशिक्षण का नको हे बाबासाहेबांनी त्याच सभागृहात सांगितलं. कर सगळ्यांकडून घेतो, तो एकाच समाजाच्या धर्मशिक्षणावर कसा घालणार? दुसरं, धर्म अनेक. प्रत्येकाची सोय शाळा कुठून करणार? आणि प्रत्येक धर्म म्हणतो, खरी वाट माझीच. हे भांडण वर्गात शिरलं तर शाळेची शांतता गेलीच. मात्र धर्माचा अभ्यास वेगळा आणि धर्माची शिकवण वेगळी, हा फरकही त्यांनी केला. तो लक्षात ठेवण्यासारखा आहे.

त्यातूनच कलम २८ आलं. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत विद्यार्थ्याला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवायचं तर त्याची संमती हवी; तो अज्ञान असेल तर पालकाची. आता सांगा, आपल्यापैकी किती जणांना शाळेनं कधी असं विचारलं?

केंद्रीय विद्यालयांतल्या संस्कृत प्रार्थनेविरुद्ध जबलपूरच्या एका नास्तिक वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. जानेवारी २०१९ मध्ये दोन न्यायमूर्तींनी तो मोठ्या पीठाकडे पाठवला. सरकारचं म्हणणं, प्रार्थनेतलं सत्य सगळ्यांचंच आहे. अर्थ चांगला आहे, कबूल. पण भांडण अर्थाचं नाहीच मुळी. हात जोडायला कोण लावतो, हा प्रश्न आहे. नाशिकच्या एका शिक्षकांनी प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून त्यांची वरची वेतनश्रेणी अडली होती. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निर्णय दिला. एका जोडल्या न जोडलेल्या हातापायी पगार अडतो, तिथे आठ वर्षांच्या पोरानं काय करावं?

राजकारणाचं थोडक्यात सांगतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार धर्माच्या नावानं मत मागणं हा निवडणुकीतला भ्रष्टाचार आहे. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म पुढे करून मत मागणंही त्यात येतं. कायदा आहे. प्रचारसभेत तो कुणाला आठवतो ते तुम्ही जाणताच!

आता तुम्हाला न रुचणारं बोलतो. उद्या आपल्या वस्तीतल्या नगरपालिकेच्या शाळेत बुद्धवंदना सक्तीची केली, तर आम्ही तिथेही विरोधाचं निवेदन घेऊन उभे राहू. बुद्धाचा इतिहास शिकवा, फुल्यांचा शिकवा, धम्माचा अभ्यास होऊ द्या. पण शेजारच्या मुसलमान वा मातंग पोराला हात जोडून उभं करायचा हक्क आपल्यालाही नाही. समितीत यावर मतभेद होतील. व्हावेत. जेवणानंतर आम्ही इथंच आहोत, भांडायला या.

तूर्त एवढं करा. जूनमध्ये अनुदानित शाळेत प्रवेश घेताना साध्या कागदावर लिहून द्या : ‘घटनेच्या कलम २८ नुसार माझ्या पाल्यास धार्मिक उपासनेस बसविण्यास माझी संमती नाही.’ खाली सही. एक प्रत शाळेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का घेऊन ती घरी जपून ठेवा.