मूर्तिजापूर जंक्शन

लालबागजवळ कॉटन ग्रीन नावाचे स्थानक आहे. मुंबईचा कापूसबाजार तिथे भरत असे, म्हणून हे नाव. तो कापूस कुठून येई, हे मला अब्बांमुळे कळले. ते परळच्या एका गिरणीत गाठी फोडण्याच्या कामाला होते. घरी येत तेव्हा केसांत कापूस असे. “आज वऱ्हाडचा माल होता,” म्हणत. वऱ्हाड त्यांनी कधी पाहिले नाही.

मी पाहिले ते १९९३ साली. अकोल्याला कविसंमेलन होते, तिथून मूर्तिजापूरला गेलो. भुसावळ-नागपूर मार्गावरच्या या जंक्शनातून अडीच फुटी रुळांचे दोन फाटे निघत. एक कारंजा, दारव्ह्यावरून यवतमाळला, ११३ किलोमीटर. दुसरा दर्यापूर, अंजनगावमार्गे अचलपूरला, ७६ किलोमीटर. १९१०च्या दशकात मुंबईच्याच क्लिक निक्सन कंपनीच्या पुढाकाराने ते उभे राहिले, मुख्यतः कापसासाठी. छोट्या वाघिणींतल्या गाठी इथे मोठ्या गाडीत चढवाव्या लागत. मग मुंबई, काही गिरण्यांत, काही बोटीने विलायतेला.

लोक या गाडीला ‘शकुंतला’ म्हणत. १९५१ साली रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी हे रूळ खासगी कंपनीच्याच मालकीचे राहिले. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत तिथे राबले.

मी कारंज्यापर्यंत गेलो. कापूस केव्हाच ट्रकने जाऊ लागला होता. डब्यात शेतमजूर, शाळकरी मुले, बाजाराला निघालेल्या बाया. एस.टी.पेक्षा भाडे कितीतरी कमी. मी मुंबईचा, हे कळल्यावर शेजारची म्हातारी म्हणाली, “आमचा कापूस तुमच्याच गावाले जाते ना जी?”

मी “हो” म्हणालो. १९८२च्या संपानंतर अब्बांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही, हे तिला सांगवले नाही.

आता दोन्ही फाट्यांवर गाडी नाही. रुंद मार्ग करून ती पुन्हा सुरू करा, म्हणून तिकडच्या लोकांनी आंदोलने केली. गाडी कापसासाठी बांधली होती हे खरे. पण कापूस गेल्यावरही किती वर्षे माणसांनी ती भरलेली ठेवली! परळला गिरणीच्या जागी आज टॉवर आहे. तिथून जाताना मला ती म्हातारी आठवते. बाजाराला ती आता कशाने जात असेल?