मॉन्टिसेलोची बाग



अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात मॉन्टिसेलो येथे थॉमस जेफर्सन यांचे घर आहे. १८०७ साली त्यांनी नातीस धाडलेल्या पत्रावर घरापुढील नागमोडी पायवाट व तिच्या कडेच्या फुलझाडांची आखणी रेखाटली होती. १८२६ साली ते कर्जबाजारी अवस्थेत निवर्तले. पुढे घर विकले गेले आणि बाग गवताखाली बुजली.

१९३९ साली तेथील उद्यानप्रेमी स्त्रियांच्या मंडळाने ती पुन्हा उभी करण्याचे मनावर घेतले. पैसा कोठून आला? खाजगी घरे व बागा वर्षातून एक आठवडा तिकीट लावून दाखविल्या! (आपल्या कोषाध्यक्षांनी नोंद घ्यावी.) पायवाट शोधण्यासाठी रात्री मोटारींचे दिवे हिरवळीवर तिरपे टाकले, तेव्हा जुन्या वाटेच्या कडा सावल्यांतून उमटल्या. १९४१ पर्यंत काम तडीस गेले.

या सेवेविषयी मला आदरच आहे. परंतु बाग प्रथम खणणारे हात स्वयंसेवकांचे नव्हते, हेही तेथे सांगितले गेलेच पाहिजे. ते हात वर्मली ह्यूज या गुलाम माळ्याचे होते. धन्याची कबर त्यानेच खणली. आणि १८२७ च्या जानेवारीत त्याची पत्नी व मुले लिलावात विकली गेली.