विलायतेतलं गणित आणि आपली नातवंडं

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या आवारात क्रिकेट खेळणारी काही मुलं आता इंग्लंडमध्ये नोकरी करतात. त्यांची मुलं तिथल्या शाळेत जातात. रात्री आपली जेवणं आटोपतात तेव्हा तिकडे शाळा सुटलेली असते, आणि त्या वेळी मी अशा मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. इथले आजी-आजोबा मला एकच प्रश्न विचारतात, "इथे पैकीच्या पैकी मिळवणारा आमचा नातू तिकडे मागे कसा पडला हो?"

बहुतेक वेळा तो गणितात मागे पडलेला नसतो, प्रश्नाच्या भाषेत अडकलेला असतो.

एक उदाहरण देते. ६० ही संख्या मूळ अवयवांच्या गुणाकाराच्या रूपात लिहा. मराठीत विचारलं तर मूल लगेच लिहितं, २ × २ × ३ × ५. तिकडे गुणाकाराला 'प्रॉडक्ट' म्हणतात. मुलाला प्रॉडक्ट म्हणजे दुकानातली वस्तू माहीत! दुसरं, 'एस्टिमेट'. ५.९ × १९.८ चा अंदाज काढा म्हटलं की आपलं हुशार मूल चक्क गुणाकार करतं आणि ११६.८२ लिहितं. उत्तर बरोबर, पण मागितलं होतं ६ × २० = १२०. गुण गेले.

आता पायऱ्यांचं बघू. एका वस्तूची किंमत २० टक्के उतरून ३६० पौंड झाली, तर मूळ किंमत किती? तोंडी करणारी मुलं नुसतं उत्तर लिहून मोकळी होतात. ४५० लिहिलं तर ठीक, पण घाईत ४५ लिहिलं तर हाती शून्य. तेच 'मूळ किमतीचे ८० टक्के म्हणजे ३६०' एवढी ओळ आधी लिहिली असती, तर उत्तर चुकूनही रीतीचे गुण मिळाले असते. तिकडे रीतीला वेगळे गुण असतात. काही प्रश्नांत तर 'रीत दाखवा' असं स्पष्ट म्हटलेलं असतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. तिकडची अकरावी म्हणजे वयाने आपली दहावी. तिच्या शेवटी जीसीएसई परीक्षा असते. एडेक्सेल किंवा एक्यूए बोर्ड असेल तर गणिताचे दीड-दीड तासाचे तीन पेपर, पहिला कॅल्क्युलेटरशिवाय. श्रेणी ९ ते १, आणि ९ सर्वांत वरची. पण पेपर दोन पातळ्यांचे असतात, फाउंडेशन आणि हायर. फाउंडेशनला बसलेल्या मुलाने सगळं बरोबर सोडवलं तरी ५ च्या वर श्रेणी मिळत नाही. पुढे ए-लेव्हलला गणित घ्यायचं तर शाळा सहसा ६ किंवा ७ मागतात. म्हणजे इंग्रजी अडखळतं म्हणून मुलाला खालच्या गटात बसवलं आणि तो तिथेच राहिला, तर इंजिनिअरिंगची वाट सोळाव्या वर्षीच अवघड होऊन बसते.

म्हणून पालकांना सांगा, दहावीतच शाळेला विचारा : आमचं मूल कोणत्या पातळीला बसणार आणि का? बोर्ड कोणतं? मुलाच्या इथल्या वह्या दाखवा. मात्र हट्टाने हायर मागू नका. त्यात ४ किंवा निदान ३ सुद्धा मिळाली नाही, तर श्रेणीच मिळत नाही. जुने पेपर सोडवून घ्या, मग ठरवा.

आजी-आजोबांनो, तुमच्यासाठीही काम आहे. "हे तर आपल्याकडे सातवीतच होतं" असं फोनवर म्हणू नका, मूल आणखी गप्प होतं. त्याऐवजी त्याला म्हणा, "आज शिकलेलं एक गणित मला मराठीत समजावून सांग." लसावि, छेद, काटकोन हे शब्द त्याच्याजवळ आहेतच. एका वहीत डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी शब्द आणि खाली एक सोडवलेलं गणित, अशी यादी करायला सांगा. रोज पाच शब्द पुरेत. माझी शिकवणीही पहिले काही आठवडे एवढ्यावरच चालते.

कुणाच्या नातवंडांच्या वह्या, पेपर बघायचे असतील तर अवश्य घेऊन या. आपण एकाच जिन्यातली माणसं आहोत.