लखनौची जुनी घरे



नोकरीच्या निमित्ताने मी लखनौस आलो, तेव्हा जुन्या घराचे एकच चित्र माझ्या डोळ्यांसमोर होते, आणि ते पुण्याच्या वाड्याचे. सागवानी खांब, तुळया, मधोमध चौक. वाडा हा लाकडाचा संसार. म्हणूनच १८२८ साली शनिवारवाड्याला आग लागली, तेव्हा मुख्यतः दगडी जोती आणि तट मागे उरले. लखनौच्या बड्या इमामबाड्यात प्रथम शिरलो, तेव्हा सवयीने मान वर करून मी तुळई शोधू लागलो. तुळई नव्हतीच. सुमारे १६० फूट लांब व ५० फूट रुंद अशा त्या दालनावर विटाचुन्याचे कमानदार छत तोललेले आहे आणि त्याला मध्ये एकाही खांबाचा टेकू नाही.

नवाब असफुद्दौल्याने १७७५ मध्ये आपली राजधानी फैजाबादहून लखनौस आणली. १७८४ च्या सुमारास दुष्काळ पडला असता लोकांच्या हातांना काम मिळावे म्हणून त्याने हा इमामबाडा बांधावयास काढला. या मुलखात दगड दुर्मीळ, गाळाची माती मात्र विपुल. कारागिरांनी त्या मातीच्या लाखौरी नावाच्या लहान, पातळ विटा भाजल्या. वीट पातळ असली की कमान हवी तशी वळविता येते. वरून चुन्याचा गिलावा, आणि त्या गिलाव्यातच कोरलेल्या महिरपी, वेलबुट्टी व नवाबीचे चिन्ह असलेली माशांची जोडी. या चुन्यात गूळ, उडदाची डाळ, बेलफळाचा गर असे जिन्नस मिसळीत. आपल्याकडील किल्ल्यांवर चुन्याच्या घाणीची दगडी चाके आजही पडलेली दिसतात. तेव्हा ही विद्या आपल्यालाही परकी नव्हती.

चौक भागातील जुन्या हवेल्यांतही याच विटा आणि हाच चुना दिसतो. दाराशी ड्योढी, म्हणजे आपली देवडीच. आत अंगण आणि अंगणाभोवती दालने. यांतील बऱ्याच घरांत आज वारसांच्या वाटण्या झाल्या आहेत. अंगणात भिंत येते, एक भाऊ आपला भाग पाडतो आणि दुसऱ्याची कमान निराधार होते. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली इमामबाड्याला संरक्षण आहे. परंतु गल्लीतल्या अशा साध्या घरापर्यंत तो कायदा सहसा पोहोचत नाही.

परंतु दोष नेहमी घरमालकाचाच असतो असे नाही. माझ्या एका नेमणुकीत आमची कचेरी अशाच जुन्या कोठीत होती. भिंतींचा गिलावा सुटू लागला, तेव्हा सिमेंट लावण्याचा प्रस्ताव माझ्यापुढे आला. काम स्वस्त, शिवाय मार्चअखेर पुरे होणारे. एक वृद्ध गवंडी मला म्हणाला, ‘हुजूर, हे ओल्या अंगावर मेणकापड गुंडाळण्यासारखे होईल.’ मी हसलो आणि सही केली. दोन पावसाळे गेले. जमिनीतून भिंतीत चढलेली ओल चुन्यातून सुकून जात असे. सिमेंटने तिची वाट अडविली. तिसऱ्या वर्षी सिमेंटचे पोपडे निघाले, ते विटांचे तोंड घेऊनच. कागदोपत्री ते काम आजही ‘समाधानकारक’ आहे. तो शेरा माझ्याच हातचा आहे.

तेव्हापासून संध्याकाळी कधी कैसरबागेकडे पाय वळतात. १८४८ ते १८५० या काळात वाजिद अली शाहने हा प्रासाद उभारला. १८५६ मध्ये त्याचे राज्य गेले. पुढे ब्रिटिशांनी १८५७ च्या उठावानंतर या वास्तूंचा मोठा भाग पाडला. त्यातून वाचलेल्या इमारतींपैकी एक परीखाना. नवाबाच्या काळी येथे नृत्यगायनाची तालीम चाले. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने १९२६ साली लखनौत संगीताचे मॅरिस कॉलेज निघाले, ते पुढे याच वास्तूत आले. आज ते त्यांच्याच नावाचे विश्वविद्यालय आहे. मुंबईच्या वाळकेश्वरी जन्मलेल्या माणसाने लावलेले रोप अवधच्या नवाबाच्या दालनात वाढले.

त्या कमानींखालून तानपुऱ्याचा स्वर ऐकू आला की मला वाटते, घर टिकविण्यास त्यात कोणीतरी नांदत असावे लागते, आणि त्या नांदणाऱ्याने गवंड्याचे म्हणणे ऐकावे लागते. आपल्या गावी एखादा वाडा अजून उभा असेल, तर त्याच्या दुरुस्तीपूर्वी चुना मळणारा हात कोठे सापडतो का, एवढे अवश्य पाहावे. मी ते पाहिले नव्हते.