झाकलेले दुखणे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



विद्यार्थ्यांचे सत्कार, शिष्यवृत्त्यांचे वाटप आणि वधूवरांची ओळख असे मंगल कार्यक्रम चालू असता आम्ही व्यसनाचा विषय काढीत आहोत, याबद्दल प्रारंभीच आपली क्षमा मागतो. परंतु ज्या घराला आपले दुखणे चारचौघांत सांगण्याची सोय नाही, त्या घराला आधार द्यावयाचा तरी कोणी? ते काम ज्ञातिमंडळाचे आहे, अशी आमची समजूत आहे.

व्यसनी माणसाशी आपल्या समाजाने आजवर दोनच प्रकारे व्यवहार केला. प्रथम उपदेश करावयाचा आणि उपदेशाने भागले नाही, तर त्याला वाळीत टाकावयाचे. आम्हीही अनेक वर्षे असेच वागत आलो. ती वाट आम्हांस का सोडावी लागली, ते सांगतो.

आमच्या भावकीत एक तरुण होता. कारखान्यात कामाला, हाताने कुशल, स्वभावाने अगदी गरीब. त्याची दारू वाढत वाढत सकाळी उठल्याबरोबर घेण्यापर्यंत गेली. धाकट्या बहिणीचे लग्न ठरत आले होते, म्हणून वडिलांनी ही गोष्ट दोन वर्षे झाकून ठेवली. डॉक्टरांकडे न्यावे, तर कोणीतरी पाहील ही धास्ती. अखेर भावकीतील आम्ही चार जाणती म्हणविणारी माणसे बसलो, कुलदैवतापुढे त्याला बेलभंडार उचलावयास लावला आणि मोह नको म्हणून माडीवरच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी घातली. दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागले. तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर किडे दिसू लागले आणि तो असंबद्ध बोलू लागला. कोणी बाहेरची बाधा म्हटले, कोणी ढोंग म्हटले. रात्री त्याला झटके आले आणि इस्पितळात पोचण्यापूर्वीच तो गेला. त्याने घेतलेली शपथ मोडली नव्हती.

पुढे डॉक्टरांनी आम्हांस समजावून सांगितले, ते आपणांसही सांगणे आमचे कर्तव्य आहे. वर्षानुवर्षे भरपूर दारू घेणाऱ्याचा मेंदू त्या गुंगीशी जुळवून घेतो आणि तिला तोंड देण्यासाठी स्वतःला सतत चेतलेला ठेवतो. दारू एकाएकी तोडली, की ही चेतना अनावर होते. मग कंप, घाम, झटके, भ्रम अशी लक्षणे पहिल्या दोनतीन दिवसांत उद्भवतात आणि क्वचित प्राणावर बेततात. योग्य औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व देऊन वैद्यकीय देखरेखीखाली हाच काळ बहुधा आठवडाभरात सुखरूप पार पडतो. वैद्यकास ही गोष्ट जुनी होती. ठाऊक नव्हती ती आम्हांसच. यास्तव आमची पहिली विनंती ही, की रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी, डॉक्टरांना विचारल्यावाचून एकदम तोडू नका.

दुसरी एक सावधगिरी याच ओघात सांगून ठेवतो. ‘पिणाऱ्यास न कळत दारू सोडवा’ अशा जाहिराती आपण पाहिल्या असतील. दारूशी विरोध करणारे डायसल्फिराम नावाचे औषध १९४८ साली डेन्मार्कमध्ये प्रसिद्धीस आले आणि आजही त्याचा उपयोग होतो; परंतु तो रोग्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. चहात किंवा आमटीत कालवून चोरून दिले आणि वर तो प्यायला, तर हृदयावर आघात होऊ शकतो. उपाय प्रेमापोटी केला, म्हणून तो निर्धोक होत नाही.

आता आपण म्हणाल, उपचार करूनही माणूस पुन्हा पितोच, मग खर्च कशाला? या शंकेचे उत्तर संशोधनाने दिले आहे. अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात २००० साली एक तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचारानंतर व्यसन पुन्हा उलटण्याचे प्रमाण शेकडा ४० ते ६० असल्याचे त्यात दाखविले होते. परंतु रक्तदाब आणि दमा यांचे दुखणे उलटण्याचे प्रमाण शेकडा ५० ते ७० होते. रक्तदाब वाढला, म्हणून आपण वडिलांना घराबाहेर काढत नाही; पथ्य चुकले असेल ते पाहतो आणि औषध बदलून घेतो. व्यसनाचेही तसेच आहे. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्झोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधे २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने दारूच्या व्यसनावरील अत्यावश्यक औषधे म्हणून आपल्या यादीत घेतली. अफूवर्गीय पदार्थांच्या व्यसनावरील मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही तर २००५ सालीच त्या यादीत आली.

औषधे आहेत, तरी रोगी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. १० ते ७५ या वयोगटातील शेकडा १४.६ लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी, दारू पितात आणि जे तिच्या पूर्ण अधीन झाले आहेत, अशा ३८ जणांपैकी अवघ्या एकास काही ना काही उपचार मिळाला, असे त्यात आढळले. उरलेले ३७ जण कोठे असतात? काही गरिबीमुळे, काही अज्ञानामुळे मागे राहतात. परंतु कित्येक आमच्या त्या तरुणासारखे माडीवरच्या खोलीत असतात.

तथापि निराश होण्याचे कारण नाही. शेजारच्या गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांवर एक प्रयोग झाला. हानी होईल इतकी दारू पिणारे, परंतु अजून पूर्ण अधीन न झालेले ३७७ पुरुष त्यात होते. डॉक्टर नसलेल्या, केवळ प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी त्यांतील निम्म्यांशी फार तर चार बैठकींत शांतपणे बोलणे केले. उरलेल्यांना नेहमीचीच सेवा मिळाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे तीन महिन्यांनी आदल्या पंधरवड्यात दारूला न शिवलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा ४२, तर दुसऱ्यात १८ होते. दरडावणे नाही, शपथ नाही. ऐकून घेणे आणि वाट शोधण्यास मदत करणे, एवढेच. वेळीच हाक दिली, तर साधा माणूसही किती उपयोगी पडतो, हे यावरून दिसते.

पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू केले, तेव्हापासून महाराष्ट्रापुढे उपचाराचे एक माणुसकीचे उदाहरण आहे. कायदाही बदलला आहे. दारू व अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थांचा समावेश २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आजारात केला आणि रोग्यास साखळीने बांधण्यास मनाई केली. सेवनाच्या किंवा अल्प साठ्याच्या आरोपातील व्यसनी माणूस स्वतः होऊन मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पूर्ण करील, तर त्याला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद अमली पदार्थविरोधी कायद्यात आहे. सरकारचा १४४४६ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे.

कायद्याने रोगी म्हटले, तरी ज्ञातीने कलंक म्हटले, तर घर दार लावूनच घेते. म्हणून मंडळापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. पहिली, मंडळाच्या निधीतून दरवर्षी काही रक्कम व्यसनमुक्तीच्या उपचारासाठी राखून ठेवावी आणि ती घेणाऱ्याचे नाव अहवालात किंवा स्मरणिकेत छापू नये. दुसरी, दोन पुरुष आणि दोन भगिनी यांना रीतसर प्रशिक्षण देऊन अशा घरांनी प्रथम ज्यांच्याकडे यावे, अशी माणसे नेमावीत. व्यसनाची झळ सर्वांत आधी पत्नीला आणि आईला लागते. त्यांना बोलावयास बाईमाणूस हवे.

तिसरी सूचना वधूवर सूचक समितीसाठी आहे. ‘लग्न करून द्या म्हणजे सुधारेल’ या समजुतीने परक्याच्या मुलीला औषधाच्या बाटलीसारखी वापरणे हे पाप आहे. वराचे व्यसन लपवू नये, यात तडजोड नको. परंतु भावाच्या दुखण्यासाठी निर्दोष बहिणीचे स्थळ मोडणे हाही अन्यायच आहे. ती रीत चालू राहील, तोवर बाप मुलाचे दुखणे झाकतच राहणार.

आमच्या भावकीतील त्या मुलीचे लग्न अखेर मोडलेच. ज्या गोष्टीसाठी दोन वर्षे डॉक्टरांचे दार टाळले, तीही हाती लागली नाही. त्या खोलीची कडी घालणाऱ्या हातांपैकी एक हात आमचा होता. आज या तीन सूचनांच्या बाजूने तोच हात प्रथम वर करून आम्ही आपली रजा घेतो.