ऊन, दाह आणि त्वचेचे वार्धक्य
(शिक्षक, ग्रामसेवक व ग्रामस्थ यांच्यापुढे केलेले भाषण)



‘आमचे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत,’ असे वडीलधारी मंडळी म्हणतात. केसांपुरते ते खरे आहे. कातडीचे मात्र तसे नाही. चेहऱ्यावरील सुरकुत्या, गालांवरील काळसर डाग, मानेची जाड, रेघारेघांची कातडी यांत वयापेक्षा उन्हाचाच वाटा पुष्कळदा मोठा असतो. पडताळा घरीच पाहावा. साठीच्या शेतकऱ्याने हाताची पाठ आणि दंडाची आतली बाजू यांची तुलना करावी. वय दोहोंचे एकच असते!

२०१२ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या एका मालवाहू गाडीच्या चालकाचे छायाचित्र आले होते. २८ वर्षे त्याची डावी बाजू खिडकीकडे होती. डावा गाल सुरकुत्यांनी भरलेला, उजवा त्यामानाने तरुण. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा आपण उजवा गाल पाहावा.

असे का व्हावे? सूर्याच्या अतिनील किरणांपैकी ‘ब’ प्रकारचे किरण वरचा थर भाजतात. ‘अ’ प्रकारचे किरण काचेतूनही येतात व खोल शिरतात. तेथे कोलॅजेन नावाचे तंतू कातडीला ताठ ठेवतात. किरणांनी पेशींना इजा झाली की दाह सुरू होतो: रक्तवाहिन्या फुगतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, आणि जुने तंतू कापणारी पाचक द्रव्ये निर्माण होतात. हा दाह मुळात दुरुस्तीसाठी आहे. परंतु भरतीने रोज खचणारा खाजणाचा बांध रोज घाईने लिंपला, तर तो उभा राहतो, पण पूर्वीचा राहत नाही. कातडी लाल झाली नाही तरी आत तंतूंची ही तोड चालू असते, हे विशेष ध्यानात घ्यावे.

आपल्या सावळ्या वर्णातील रंगद्रव्य हे मोठे संरक्षण आहे. सुरकुत्या उशिरा पडतात. मात्र दाहानंतर काळे डाग आपल्याकडेच अधिक उरतात. ते घालविण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून स्टेरॉइडयुक्त मलमे चोळण्याची जी रीत पडली आहे ती घातक आहे. त्यांनी कातडी पातळ होते.

ऑस्ट्रेलियातील नॅम्बूर येथे ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षे चाललेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. रोज सूर्यरोधक मलम लावणाऱ्यांच्या हाताच्या पाठीवर या काळात वार्धक्याची वाढ दिसली नाही. तेथील लोक बहुतांशी गोरे, ही गोष्ट वेगळी. रापण ओढणाऱ्याने किंवा मिठागरात राबणाऱ्याने असे महाग मलम रोज घ्यावे, असे मी म्हणणार नाही. त्यांना रुंद काठाची टोपी, मानेवर पंचा आणि घट्ट विणीचा पूर्ण बाह्यांचा सदरा पुरेल. कपडा ओला झाल्यास बदलावा, कारण ओल्या सुती कापडातून किरण अधिक शिरतात. वाळू आणि फेसाळ पाणी किरण परतवितात, म्हणून तेथे छत्रीखालीही पूर्ण निवारा मिळत नाही.

शिक्षकांना एक विनंती. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड असते, त्या वेळी ऊन सर्वांत प्रखर असते. कवायतीचा तास त्या वेळेत ठेवू नये. कोड असलेल्या किंवा जन्मतः वर्णहीन असलेल्या मुलाला तर सावलीतच बसवावे. इतर मुलांनी हसू नये, हेही आपणच पाहावयाचे. आणि कोणाच्या चेहऱ्यावरील वा हातावरील जखम महिनाभरात भरली नाही, तर त्याला आरोग्य केंद्रात पाठवावे.